पेटी एका वाटेनं, चावी दुसऱ्या

३ फेब्रुवारी

चिमणे,

आशीर्वाद नंतर, आधी काम. माझ्या अक्षरातलं एक पाकीट तुला मिळालं असेल, नाहीतर आज-उद्या मिळेल. त्यात पत्र नाही, नुसत्या दोन चाव्या आहेत. त्या दुसऱ्या पाकिटात घालून वर लिहिलेल्या पत्त्यावर ताबडतोब पाठव. रजिस्टर कर. पुढचं वाचत बसू नकोस, आधी पोस्टात जाऊन ये.

आलीस? बरं, आता ऐक.

तुझा भाऊ अर्ध्या वाटेवर अडकलाय. घाबरू नकोस, तब्येत ठीक आहे, पोट सोडून.

बंदूक विमानात न्यायची तर सामानात द्यावी लागते, हे तुझ्या लंबूनं लिहिलं होतं तसंच निघालं. काउंटरवरच्या मुलीनं एका पोलिसाला बोलावलं. मी पेटी उघडली. त्यानं दुनळी कमरेत वाकवून दोन्ही नळ्यांतून दिव्याकडे पाहिलं आणि रिकामी आहे म्हणाला. काडतुसांचा डबा मी वेगळ्या बॅगेत ठेवला होता, तोही पाहिला. परवाना पाहिला. माझी सही घेतली. मी पेटीला कुलूप लावलं. मग ती मुलगी माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, चावी आता तुमच्याजवळ. नीट जपा हं!"

जपा म्हटलं की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. मी बाकावर बसलो आणि दर घटकेला खिसा चाचपायला लागलो. शेजारी एक माणूस येऊन बसला, तर मला वाटलं हा खिशाकडेच बघतोय. बँकेच्या दारावर मी तीस वर्षं उभा होतो. तिथला एक नियम मी कधी मोडलेला पाहिला नाही. रोकडीची पेटी आणि तिची चावी एका गाडीत कधी जायची नाही. पेटी एका वाटेनं, चावी दुसऱ्या. वाटेत कुणी गाठलं तरी त्याच्या हातात नुसतं लोखंड लागावं. आणि इथे तर पेटी आणि चावी, दोन्ही एकाच विमानात! समोरच्या भिंतीवर पोस्टाची पेटी होती. फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते, म्हणून तुझ्या पत्त्याची, तिकीट लावलेली पाकिटं माझ्या पिशवीत कायम असतातच. घातल्या दोन्ही चाव्या पाकिटात आणि टाकलं. दुसरी चावी का टाकलीस, म्हणशील. अगं, जोडी आहे, फुटू नये म्हणून.

टाकल्यावर इतकं हलकं वाटलं, की विमानात मी झोपलो.

इथे विमान बदलायचं होतं. पुढचं विमानच रद्द झालं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवतो म्हणाले. त्या कंपनीचा माणूस म्हणाला, आमच्या डोळ्यांनी बंदूक रिकामी बघितल्याशिवाय आम्ही नेणार नाही. चावी द्या. मी म्हणालो, चावी पोस्टात आहे. त्यानं मला पुन्हा विचारलं. मग दुसऱ्याला बोलावलं आणि म्हणाला, "ऐक, हे काय म्हणतायत!"

आता असं आहे. पेटी विमानतळावरच्या पोलीस ठाण्यात, लोखंडी कपाटात. माझा परवाना इथे चालत नाही, म्हणून पेटी बाहेर नेता येत नाही. ती सोडून मी गेलो तर ती बेवारस हत्यार होते आणि माझ्यावर खटला होतो. म्हणून मी ठाण्यासमोरच्या लॉजवर उतरलोय आणि रोज सकाळी सही करायला जातो. ठाण्याच्या मुख्य एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, "आजोबा, चावी आली की पाच मिनिटांचं काम."

लंबूला सांग, काळजी करू नकोस. सराफाच्या दुकानावरची पहारेकऱ्याची नोकरी स्वतःची बंदूक असली तरच मिळते, हे मला पक्कं ठाऊक आहे. महिनाअखेरीच्या आत मी येतो आणि बंदूक त्याच्या नावावर करून देतो. मामाच्या हयातीत भाच्याच्या हातात गेलेली बरी.

चावी पाठव.

दादा


८ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. लंबूनंही वाचलं. चाव्यांचं पाकीट आलेलं नाही. इकडचं टपाल फार उशिरा येतं, त्यामुळे कधी येईल सांगता येत नाही. लंबू रोज पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभा राहतो.

तू वेळेवर जेवत जा. कानात तेल घालू नकोस, मागच्या वेळी त्यानंच सुजला होता.

इकडे सगळं ठीक. पिठाचा डबा भरलेला आहे. आईचा होता तसाच.

लंबू म्हणतो, मामाला सांग, कुलूप तोडून घ्या.

चिमणी


१२ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र पाहून मला आधी आनंद झाला. पाकीट चाचपलं, चपटं लागलं. उघडून झटकलं, तरी काही पडलं नाही. लॉजवाला बघत होता. म्हणाला, "काय आजोबा, मनीऑर्डर हरवली का?" हा माणूस दिवसातून दहादा माझी थट्टा करतो आणि वर ओरडून करतो, म्हणजे खालच्या चहावाल्यालाही समजते.

पाकीट गेलं कुठे? तुझा पत्ता मी डोळे मिटूनही लिहीन. तू पोस्टमास्तरांना भेट. नुसतं विचारू नकोस, समोर उभी राहा. मीही त्यांना वेगळं पत्र टाकलं आहे, अक्षर वाईट आहे पण समजेल.

आणि पिठाचं काय लिहिलंस ते माझ्या ध्यानात आलं नाही. डबा भरलेला असेल तर उत्तमच. पण त्याचं पत्रात कशाला? घरात ओढाताण चालली असेल तर आडून लिहू नकोस, मी काही परका नाही.

कुलूप तोडण्याचं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तोडू शकतो. पण आम्ही तोडलं की अहवाल होतो, अहवाल झाला की बंदूक कोर्टाच्या मालखान्यात जाते. तिथून तुमच्या हयातीत सुटेल असं मी तुम्हाला लिहून देणार नाही." मी म्हणालो, नको नको. मग त्या हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, जगात एवढी माणसं विमानातून चाव्या हरवून उतरतात. चावी आधीच रवाना करणारे तुम्ही पहिले."

माझी खोली लांबट आहे. खाट, खुर्ची आणि खिडकी. खिडकीतून विमानतळाचं तारेचं कुंपण दिसतं. विमान निघालं की मला आवाज येत नाही, पण तांब्यातलं पाणी थरथरतं. पाणी थरथरलं की मी उठून बघतो. सगळे निघालेले असतात. मी सही करतो, परत येतो, खाटेवर बसतो. लॉजवाल्याच्या वहीत माझ्या नावापुढे कुठून आला ते आहे, कुठे जाणार तेही आहे, कधी जाणार ते कोरं आहे. बाहेर फिरून यावं म्हटलं तर भीती वाटते, तेवढ्यात ठाण्यातून बोलावणं आलं तर? बँकेतही दारावरच होतो, पण तिथे संध्याकाळी शटर पडायचं आणि मी घरी जायचो.

लंबूला एक गोष्ट विचार. त्या सराफाचं दुकान कुठल्या रस्त्यावर आहे, आणि आधीचा पहारेकरी का सोडून गेला? हे विचारून घ्यावं. मी विचारलं नव्हतं, पुढे त्रास झाला.

दादा


१२ फेब्रुवारी

मामा,

मी लंबू. आई लिहिते ते नीट पोचत नाही असं दिसतंय, म्हणून मीच लिहितोय.

चावीचा नाद सोडा. कुलूप तोडा. नाहीतर तिथल्याच कुणाला तरी धरून उघडून घ्या, जगात सगळी कुलपं उघडतात. तुम्ही बारक्या गोष्टीला फार भिता, हे आई लहानपणापासून सांगत आली आहे. रागावू नका, खरं ते लिहिलं.

मला हा महिना महत्त्वाचा आहे. रोज संध्याकाळी मी जातो, जागा बघून येतो. माणूस कुठून येतो, कुठे वळतो, सगळं पाठ झालंय. फक्त तुमच्यामुळेच खोळंबलंय.

ती दुनळीच आहे ना? एकनळी नाही ना? आणि काडतुसं डबाभर आणायची गरज नाही. ओझं कशाला. दोन असली तरी पुरे.

आठवडाभरात हललं नाही तर मीच लोखंड कापायची करवत घेऊन तिकडे येतो.

तुमचा लंबू


१६ फेब्रुवारी

दादा,

हे मी पोस्टातल्या काउंटरवर उभ्यानं लिहितेय. दोरीला बांधलेलं पेन आहे, ओढून ओढून लिहावं लागतंय. लंबू आंघोळीला गेला तशी मी चप्पल हातात घेऊन निघाले. एरवी माझी पत्रं तोच टाकतो आणि टाकायच्या आधी वाचतो.

चाव्या आल्या आहेत. तुझ्या पहिल्या पत्राच्या आधीच आल्या. पोस्टमननं माझ्या हातात दिल्या, लंबू तेव्हा झोपला होता. पाकीट दाबून पाहिलं तेव्हाच ओळखलं, कसल्या आहेत ते. पिठात पुरल्या आहेत.

आणि तू मला विचारतोस पिठाचं काय! अरे, बाबा रागानं घरी आले की आई काय करायची? पट्टा कपाटात आणि कपाटाची चावी पिठात. बाबा सगळं घर उलथं करायचे, आणि तिथेच बसून आई कणीक मळत असायची. आपण दोघं दाराआडून बघायचो. तू तर हसू येतं म्हणून तोंडात सदरा कोंबायचास. मला वाटलं, एवढं लिहिलं की तुला कळेल.

सराफ नाही. दुकान नाही. नोकरी नाही. मी तुला बोलावलं ते लंबूनं सांगितलं म्हणून, आणि तेव्हा मलाही खरं वाटलं होतं. नंतर, चाव्या यायच्या आधीच, लंबूच्या जुन्या कामावरच्या फोरमनची बायको मला भाजीला भेटली. तिनं सांगितलं, लंबू रोज संध्याकाळी तारेच्या कारखान्यासमोर, सायकलच्या दुकानाशी उभा असतो. तिचा नवरा फाटकातून निघाला की बघतो, काही बोलत नाही. ती म्हणाली, "ताई, त्याला कामावरून काढलं ते ह्यांनी मनानं नाही काढलं. पण तुमचा मुलगा तसा बघतो ना, मला झोप येत नाही."

मी घरी येऊन विचारलं. म्हणाला, "त्यानं मला चोर ठरवलं. अख्ख्या पाळीसमोर माझा डबा उघडायला लावला. तारेचा तुकडा निघाला नाही, तरी काढलं." मी म्हटलं, दुसरीकडे बघ काम. म्हणाला, "चोराला कोण देतं?" मग जेवता जेवता मला विचारलं, "मामाची दुनळीच आहे ना?" मी म्हटलं, असेल, का रे? म्हणाला, "म्हणजे पुरतील. एक त्याला, एक मला."

आणि पुढचा घास घेतला, दादा. मी समोर बसले होते.

कोणाला सांगू? पोलिसांत सांगितलं तर पोर आत जाईल, आणि बाहेर येईल तेव्हा आणखी काय होऊन येईल? नाही सांगितलं तर काय होईल ते मी रोज संध्याकाळी, तो परत येईपर्यंत, बघत बसते. तुझी पेटी बंद आहे तेवढाच मला श्वास आहे. तू पाठव म्हटलंस तरी मी चावी पाठवणार नाही. तू इकडे येऊ नकोस. तिथेच अडकून राहा.

वाट पाहणारी माणसं मागे उभी आहेत. पुरे करते.

चिमणी

ता. क. तो करवत घेऊन येतो म्हणाला होता, ती खरंच विकत आणली आहे. माझ्या खाटेखाली ठेवली आहे, म्हणजे मला दिसावी म्हणून.


२० फेब्रुवारी

चिमणे,

हे पत्र लंबू वाचणार नाही. ते सायकलच्या दुकानवाल्याच्या पत्त्यावर टाकलंय. तुझ्या पत्रावरून तो एकच माणूस सापडला, जो लंबूला रोज बघतो. वर लिहिलंय, 'लंबूच्या आईला हातोहात द्यावे'. चूक केली असेल तर आता झाली.

तुझं पत्र वाचून मी खाली गेलो. लॉजवाला म्हणाला, "आली का चावी?" मी म्हणालो, नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही. खुर्ची दिली.

दिवसभर मी बसून होतो. काय करावं ते सुचेना. पेटी इथे आहे तोवर लंबू वाट बघणार. चावी आली नाही तर करवत घेऊन येणार. इथे आला तर ठाण्यात जाऊन, मामाला ऐकू येत नाही, मी त्यांच्याबरोबर आहे, असं सांगून सगळे कागद तोच पुढे करणार. तो हुशार आहे, त्याला जमेल. आणि मी माणसासमोर नाही म्हणू शकत नाही, हे तो जाणतो. पेटी घेऊन मी मागे घरी फिरलो, तर तिकडे येईल. मी मेलो तर वारस कोण? तोच. जिकडे तोंड करावं तिकडे तीच पेटी.

मग माझ्या ध्यानात आलं की मी बंदूक नेण्याचा विचार करतोय, आणण्याचा विचार करतोय, लपवण्याचा करतोय. नसण्याचा करतच नाही.

लाज वाटते लिहायला, पण ते सोपं नव्हतं. मला दुसरं काय आहे? चौथी नापास माणूस. साहेब लोक दारातून आत जाताना मला मान द्यायचे, तो मला नव्हता, खांद्यावरच्या वस्तूला होता. घराजवळची पोरं मला बंदूकवाले आजोबा म्हणतात. आता नुसते आजोबा म्हणतील, आणि तसे आजोबा तर गल्लीत दहा बसलेत.

सकाळी सही करायला गेलो तेव्हा बाईंना म्हणालो, मला बंदूक नको. त्यांना वाटलं मी कंटाळलो. म्हणाल्या, "थांबा हो, येईल चावी." मी म्हणालो, चावी आली तरी नको. कायमची जमा करून घ्या. परवानाही घ्या. त्यांनी दार लावलं, पाणी दिलं आणि विचारलं, "घरात काही आहे का?" मी म्हणालो, घरात तरुण माणूस आहे. एवढंच म्हणालो. त्यांनी माझा परवाना उलटून पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "मालकानं स्वखुशीनं जमा केली तर खटला होत नाही. पण परत मिळत नाही. नीट विचार केलाय?" मी म्हणालो, बाई, मी विचारच करतो, दुसरं काही येत नाही मला.

विमानतळाच्या वर्कशॉपमधला माणूस करवत घेऊन आला. कुलूप कापताना मी भिंतीकडे तोंड केलं. पेटी उघडली. बाईंनी दोन्ही नळ्यांतून पाहिलं, रिकाम्या होत्या, जसं मी सांगत आलो तसं. काडतुसंही घेतली. सही दोनदा करावी लागली. पेटी मात्र मागितली. त्या म्हणाल्या, "रिकामी पेटी कशाला?" मी म्हणालो, असू द्या.

कशाला ते आता तुला सांगतो. सोबत लंबूला लिहिलेलं पत्र आहे, ते त्याच्या हातात दे. मी त्यात एक शब्दही खोटा लिहिलेला नाही, पण खरं काय ते त्याला इथे आल्यावरच कळेल. त्याला कारखान्याच्या त्या रस्त्यावरून उठवायचं तर दुसरं आमिष माझ्याकडे नाही. तू तुझी भीती त्याला दिसू देऊ नकोस. करवत आणायची तर आणू दे.

दादा


२० फेब्रुवारी

लंबूस,

तुझं पत्र पोचलं. तू लिहिलंस ते बरोबर आहे, मी बारक्या गोष्टीला भितो. कुलूप कापून घेतलं. पेटी आता माझ्या खोलीत, खाटेखाली आहे.

पण मला पुढे एकट्याला येववत नाही. विमान पुकारतात ते मला ऐकू येत नाही, फलक भराभर बदलतात, तोवर माझं वाचून होत नाही. तू मला न्यायला ये. पेटी तुझ्याच हातात देतो. आईला विचारून निघ, आणि तिच्यासमोर पोटभर खाऊन निघ.

मामा


२६ फेब्रुवारी

चिमणे,

लंबू पोचला. जिवंत आहे, मीही आहे. हे आधी वाच म्हणून आधी लिहिलं.

काल दुपारी आला. लॉजवाला त्याला वर घेऊन आला आणि जाताना म्हणाला, "आजोबा, हा तर दारात मावत नाही!" लंबू हसला नाही. गालफडं किती बसली आहेत त्याची, तू लिहिलं नव्हतंस. पाया पडला. पाणीसुद्धा प्यायला नाही, लगेच खाटेखाली हात घातला. मी थांबवलं नाही.

पेटी खाटेवर ठेवून त्यानं झाकण उघडलं. आतल्या स्पंजात बंदुकीच्या आकाराचा खळगा आहे ना, इतकी वर्षं पडून पडून झालेला. त्या खळग्यात त्यानं हात घातला. दस्त्याच्या टोकापासून नळीपर्यंत फिरवला, जसं काही ती आत खोल गेली असावी. मग माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला.

मी म्हणालो, काय?

"कुठाय?"

मी म्हणालो, दिली. सरकारजमा केली. परत मिळत नाही.

त्यानं खुर्ची भिंतीवर आपटली. त्याचे ओठ हलत होते. मी म्हणालो, लंबू, मला ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल. तो म्हणाला, "त्यानं माझं वाटोळं केलं." मी म्हणालो, काय? तो ओरडला, "वाटोळं केलं माझं!" मी म्हणालो, बरं, मग? तो म्हणाला, "मी त्याला मारणार होतो." मी कानाला हात लावला. "मारणार होतो त्याला!" मी म्हणालो, अजून मोठ्यानं, माझा हा कान गेलाय. मग तो असा ओरडला, की खालचा चहावाला रस्त्यावर येऊन वर बघायला लागला. "मारणार होतो, मामा! आणि मग मला!"

हे शेवटचं बोलल्यावर तो स्वतःच थांबला. असं बघायला लागला, जसं दुसऱ्याच कुणीतरी ते म्हटलंय.

चिमणे, मला पहिल्या वेळीच कळलं होतं. ओठांवरून मला बरंच कळतं. पण तुझ्या घरात तो हे घास गिळता गिळता, हळू बोलला होता. हळू बोललेलं माणसाला आपलंच वाटत राहतं.

लॉजवाला धावत वर आला. "काय झालं? काय झालं?" मी म्हणालो, काही नाही, भाचा आहे, मला ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं बोलतोय. तो म्हणाला, "मग जरा कमी मोठ्यानं बोला राव, बाकीची गिऱ्हाइकं जातील." आणि थोड्या वेळानं दोन माणसांचं जेवण घेऊन आला, न मागता.

लंबू बसला होता, पेटीशेजारी, जमिनीवर. मीही उतरून बसलो, गुडघे काय म्हणाले ते सांगत नाही. त्यानं जेवणाकडे पाहिलं नाही. पण मला विचारलं, नीट तोंड समोर करून विचारलं, "चाव्या आईकडे आल्या होत्या ना?"

मी म्हणालो, तिला विचार.

खोटं बोलवलं नाही, आणि खरंही बोलवलं नाही. तुला रागवायचं तर रागाव.

आता तो झोपलाय. काल आला तेव्हापासून झोपतोय, उठतो, दोन घास खातो, पुन्हा झोपतो. झोपेत दात खातो. करवत आणली होती, ती मी लॉजवाल्याला दिली, त्याला नळ कापायला हवीच होती. ठाण्यातल्या बाई येऊन गेल्या. त्यांनी त्याच्याशी काही बोलणं केलं नाही, मला एका डॉक्टरचं नाव लिहून दिलं, तुमच्याच गावचा आहे, म्हणाल्या, असल्या गोष्टींचाच डॉक्टर आहे. लंबूला चिठ्ठी दाखवली. त्यानं वाचली आणि खिशात ठेवली. फाडली नाही, एवढंच मी सांगू शकतो. सगळं मिटलं असं समजू नकोस. मी समजत नाही. फोरमन अजून त्याच फाटकातून बाहेर पडतो, सायकलचं दुकान तिथेच आहे, आणि बंदूक माझ्या एकट्याकडेच थोडीच असते.

गुरुवारच्या विमानानं आम्ही दोघं येतो. विमान पुकारलं की तो मला सांगणार आहे. हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय, कारण कामाशिवाय त्याला बसवणं बरं नाही. मी यापुढे तुमच्याकडेच राहीन. वरची खोली नको, मला दाराजवळची जागा दे. तुला वाटेल म्हातारा हातात काही नसताना काय राखणार. तीस वर्षांत मी बँकेच्या दारावर बंदूक एकदाही उडवली नाही. मी नुसता दारात असायचो, आणि आत-बाहेर जाणाऱ्याला माझ्यावरून जावं लागायचं. तेवढं मला अजून येतं.

आणि डब्यातलं ते पीठ खाऊ नका. गुरं असतील कुणाची तर त्यांनाही घालू नकोस, फेकून दे. निघायच्या आदल्या दिवशी मी चाव्यांना बंदुकीचं तेल चोळलं होतं. त्याचा वास सहज जात नाही.

दादा